ही चाल कुठल्या खान्यात टाकायची?

पेटीवर सा, रे, ग, प, ध एवढे पाचच स्वर घ्या. म आणि नी यांना हात लावायचा नाही. आता गंधारावर (ग) टेकत, मधूनच मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या धैवतापर्यंत (ध) उतरून परत वर येत वाजवा: ग रे सा ध, सा रे ग, प ग, ध प ग, रे सा. भूप ऐकू येतो. मग स्वर तेच ठेवून सगळा कारभार वरच्या अंगाला न्या: सां ध, प, ग प ध प. धैवतावर ठाम उभं राहायचं, रिषभावर (रे) रेंगाळायचं नाही. हा देशकार. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा; भातखंड्यांच्या पद्धतीत दोघांचे थाटसुद्धा, म्हणजे राग ज्यांत बसवतात ते सात स्वरांचे साचे, वेगळे. आणि आपण एकही नवा स्वर घेतलेला नाही.

हेच पाच स्वर दक्षिणेत मोहनम् म्हणून गायले जातात. चीनच्या लोकगीतांत ते आहेत, स्कॉटलंडच्या जुन्या चालींत आहेत. स्कॉटिश गाणं ऐकून आपल्याकडचा एखादा रसिक ‘अरे, हा तर भूप!’ म्हणतो तेव्हा त्याच्या कानाला दाद द्यावी, पण त्या चालीवर भूपाचा हक्क सांगू नये. तिच्यात गंधारावरचं ते टेकणं नाही, स्वरास्वराने होणारी बढत, म्हणजे राग हळूहळू उलगडत नेणं, नाही.

चाल कुठल्या प्रकारची आणि कुठल्या शैलीची हे ठरवायला स्वर तर लागतातच, पण नुसत्या स्वरांवर भागत नाही. मग आणखी काय लागतं, याचा शोध ग्रंथकारांनी घेतला, लोकगीतं गोळा करणाऱ्यांनी घेतला, आणि गेली वीस-पंचवीस वर्षं संगणकवाले घेतायत. प्रत्येकाला थोडंथोडं सापडलं आणि प्रत्येकाच्या हातून काहीतरी निसटलं.

एका गाण्याची चार नावं

‘हे कुठल्या प्रकारचं गाणं?’ असं विचारलं की एक जण म्हणतो भैरवी. दुसरा म्हणतो अभंग. तिसरा म्हणतो नाट्यपद आणि चौथा भक्तिगीत. वाद घालायला चौघंही तयार असतात, आणि चौघंही बरोबर असू शकतात. भैरवी म्हणणाऱ्याने स्वर आणि त्यांचं चलन ऐकलं. अभंग म्हणणाऱ्याने शब्दांचा छंद पाहिला: मोठ्या अभंगाच्या चार चरणांत अक्षरं ६, ६, ६ आणि ४, लहान अभंगात ८ आणि ८. नाट्यपद म्हणणाऱ्याला ते कुठे गायलं गेलं ते आठवलं. भक्तिगीत म्हणणाऱ्याने अर्थ धरला.

आपल्याकडची नेहमीची नावं एका कसोटीवर पाडलेलीच नाहीत. ओवी आणि अभंग छंदावरून. पाळणा प्रसंगावरून. भूपाळी वेळेवरून, आणि ती वेळ पहाटेची, भूप रागाच्या अगदी उलट. पोवाडा विषय आणि सादरीकरण या दोन्हींवरून: पराक्रमाची कथा, शाहीर, डफ, तुणतुणं आणि मागे ‘जी जी’ करणारे झीलकरी. ख्याल आणि ठुमरी ही नावं गायकीची. भावगीत म्हणजे काय हे एका वाक्यात सांगा म्हटलं तर भलेभले अडखळतात, पण ऐकल्यावर कुणी चुकत नाही.

एकट्या लावणीतच बघा. बैठकीची लावणी आणि फडाची लावणी हा भेद जागेचा आणि सादरीकरणाचा. बालेघाटी लावणी ओळखतात ती विरहाच्या सुरावरून. छक्कड म्हणजे छोटेखानी, चटकदार लावणी. एकाच प्रकाराच्या पोटात तीन वेगळ्या कसोट्या नांदतायत आणि फडावरच्या कुणाचंही त्यामुळे काही अडलेलं नाही. अडतं ते ज्याला यादी करायची आहे त्याचं.

गोव्यात मांडो आणि दुलपद या जोडीत हाच प्रश्न लयीच्या बाजूने येतो. दोन्ही कोकणी, दोन्ही ख्रिस्ती घरांतल्या समारंभांत वाढलेले, साथीला घुमट हे मातीचं तालवाद्य आणि व्हायोलिन, दोन्हींची मोजणी सहाच्या हिशोबात. पण मांडो संथ आणि हुरहुर लावणारा, आणि तो संपता संपता सुरू होणारं दुलपद चपळ, खट्याळ. कागदावर दोन्हींकडे सहाचाच आकडा दिसतो. ऐकणारा मात्र पहिल्या दोन ओळींतच सांगतो की आता दुलपद लागलं.

वकिलाने लावलेली शिस्त

रागांच्या बाबतीत शिस्त आणायचा सगळ्यात मोठा खटाटोप विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी केला. मुंबईत वाळकेश्वरला जन्म, पेशा वकिलीचा. त्यांच्या आधी उत्तरेत राग-रागिणी पद्धत चालायची. सहा पुरुष राग, प्रत्येकाच्या पाच किंवा सहा रागिण्या, पुढे मुलगे आणि सुना. या कल्पनेतून रागमालांची अप्रतिम चित्रं निघाली. पण अमुक रागिणी अमुक रागाचीच बायको का, याचं उत्तर स्वरांत मिळायचं नाही. वर ग्रंथागणिक कुटुंबं वेगळी.

भातखंडे दक्षिणेत फिरले आणि तिथली मेळांची, म्हणजे सात स्वरी साच्यांची, व्यवस्था त्यांनी अभ्यासली. ती सतराव्या शतकातल्या व्यंकटमखीची आणि शुद्ध गणिताची: रे-ग यांच्या सहा जोड्या, ध-नी यांच्या सहा, मध्यम दोन; ६ × ६ × २ = ७२ मेळ. कुठलाही सात स्वरी साचा या बहात्तरांत कुठेतरी बसणारच.

उत्तरेतला हिशोब थोडा साधा आहे. सा आणि प अचल. उरलेल्या पाच स्वरांची प्रत्येकी दोन रूपं: रे, ग, ध, नी शुद्ध किंवा कोमल, म शुद्ध किंवा तीव्र. म्हणजे २ × २ × २ × २ × २ = ३२ साचे. भातखंड्यांनी त्यातले फक्त १० उचलले: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. गणित पुरं करण्यापेक्षा त्यांनी वहिवाट बघितली. गवय्यांच्या गळ्यात जे होतं त्यातलं बहुतेक या दहांत मावत होतं. त्यांच्यातला वकील मला इथे दिसतो.

मावलं नाही त्याची उदाहरणं सोपी आहेत. चारुकेशीत ध आणि नी कोमल, बाकी सगळे शुद्ध. दहांपैकी एकाही थाटात असा साचा नाही. तो मुळात दक्षिणेचा राग, तिथल्या यादीत त्याचा क्रमांक २६. पटदीपात गंधार कोमल आणि निषाद शुद्ध. त्याला काफी थाटात बसवतात, जरी काफीचा निषाद कोमल आहे. शिकवताना मास्तर हे भरभर बोलून पुढे जातात.

पण मला सगळ्यात मौजेचा वाटतो तो भूप-देशकाराचाच मामला. बिलावल आणि कल्याण या थाटांत फरक एकाच स्वराचा: बिलावलात मध्यम शुद्ध, कल्याणात तीव्र. भूप आणि देशकार यांत मध्यम मुळी नाहीच. मग स्वर मोजून त्यांचा थाट ठरणार कसा? नाहीच ठरत. तरी भातखंड्यांनी भूप कल्याण थाटात घातला आणि देशकार बिलावलात. कारण भूपाची चाल कल्याण अंगाची लागते, शुद्ध कल्याणाचा तर आरोहच भूपाचा. आणि देशकार सकाळच्या बिलावल मंडळींसारखा उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात, रमतो. स्वरांवर उभारलेल्या पद्धतीत निकाल शेवटी कानाने दिला. टीकाकार याला पद्धतीतली फट म्हणतात. मला तो त्यांच्या कानाचा पुरावा वाटतो.

कानडा या रागांच्या कुटुंबाच्या बाबतीत हे आणखी ठळक होतं. दरबारी आणि अडाणा आसावरी थाटात. नायकी आणि शहाणा काफी थाटात. थाटाच्या कपाटात हे भाऊ वेगवेगळ्या कप्प्यांत गेले. पण कोमल गंधार हलवत, वक्र वळण घेऊन ‘ग म रे सा’ आलं की साधा श्रोताही म्हणतो, कानडा आहे. मल्हाराचं ‘म रे, प’ असंच. थाटाऐवजी अशा ओळखीच्या तुकड्यांवरून रागांचे गट पाडायचे, ही रागांग पद्धत. ती पुढे आणली पं. नारायण मोरेश्वर खरे यांनी. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य, साबरमती आश्रमात गांधीजींच्या प्रार्थनांचं गाणं सांभाळणारे. त्यांनी ३० रागांगं मानली. दहा थाटांपेक्षा ही संख्या गैरसोयीची खरी, पण प्रत्यक्ष गाणाऱ्याला अंग शिकवलं की राग लवकर सापडतो. थाट शाळेच्या परीक्षेत विचारतात. बैठकीत ‘कुठला थाट?’ असं विचारणारा मी अजून पाहिलेला नाही.

तीन राग, सहा स्वर

मारवा, पूरिया, सोहनी. तिघांचे स्वर तेच: सा, कोमल रे, ग, तीव्र म, ध, नी. पंचम कुणातच नाही.

मारव्यात कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावर इतकं वजन असतं की षड्ज (सा) जवळजवळ टाळला जातो. तंबोरा सा धरून बसलेला आणि गाणारा त्याच्याभोवती फिरतोय पण टेकत नाही. त्यातून ती संध्याकाळची बेचैनी येते. पूरिया मंद्र सप्तकात खोल उतरतो आणि गंधार-निषादावर रमतो. सोहनी उलट तार षड्जाच्या आसपास, रात्रीच्या शेवटच्या प्रहरी, चपळ. तिथे फार वेळ खाली थांबलात तर शेजारी बसलेला जाणकार चुळबुळ करणार, कारण पूरिया दिसायला लागतो.

यात वेगळेपण कशात आहे ते नीट पाहावं. कुठल्या स्वरावर किती वेळ थांबायचं, कुठल्या सप्तकात राहायचं, कुठल्या स्वराकडून कुठल्या स्वराकडे जायचं. वेळ, जागा आणि वाट. या तिन्ही गोष्टी स्वरांच्या यादीत लिहिता येत नाहीत. पुढे संगणकाकडे येऊ तेव्हा हे तीन राग पुन्हा लागतील.

राग एक, गाणं वेगळं

राग ठरला तरी प्रकार ठरत नाही. दोन्हींची सोयरीक मात्र आहे. खमाज, काफी, पिलू, भैरवी हे ठुमरीचे लाडके. दरबारीत किंवा मारव्यात ठुमरी म्हटली तर ऐकणारा दचकेल. उलट पिलूत विलंबित ख्याल सहसा कुणी मांडत नाही. त्यामुळे ‘पिलू’ कळलं तर प्रकाराचा अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच.

खमाजातली एखादी ओळ घेऊ. ती दीपचंदीच्या १४ मात्रांत किंवा जत तालात सावकाश येते, तोच बोल चार-पाच वेळा वेगवेगळ्या लाडीगोडीने सांगितला जातो, मध्येच रागाबाहेरचा एखादा स्वर लावून भाव गडद केला जातो, आणि शेवटी तबल्यावर लग्गी, म्हणजे जलद ठेक्याची लड, सुटते. ही ठुमरी. रागाची चौकट मोडली म्हणून कुणी बोट दाखवत नाही. ती तशी मोडण्यातच गंमत आहे. तीच ओळ भजनी ठेक्यावर, टाळ-पखवाजात, सगळ्यांनी मिळून म्हटली की तिथे असा बोल घोळवणं (बोलबनाव) नकोच असतं, नाम ऐकू यायला हवं. तीच ढोलकीवर चढली, शब्दांचे झटके बदलले, की ऐकणारा खुर्चीत पुढे सरकतो.

मराठी रंगभूमीवर हे उघड उघड घडलं. १९११ च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीच्या वळणाच्या चाली आणल्या. पाचच वर्षांनी ‘स्वयंवर’साठी भास्करबुवा बखल्यांनी रागदारी बंदिशींचा आधार घेतला. बनारसकडे जी चाल ठुमरी होती ती ऑर्गनच्या साथीने, मराठी शब्द घेऊन, नाटकातल्या प्रसंगात बसली आणि नाट्यपद झाली. आज ती बैठकीत शेवटी गायली जाते तेव्हा तिला काय म्हणायचं? आपण नाट्यपदच म्हणतो. म्हणजे प्रकार ठरवताना चालीचा इतिहाससुद्धा कामाला येतो, आणि तो ध्वनिमुद्रणात ऐकू येत नाही.

शैलीचं त्याहून अवघड. राग तोच, बंदिश तीच, आणि घराणी दोन. ग्वाल्हेरवाला अस्ताई-अंतरा आधी भरून दाखवतो, लय फार पाडत नाही, बोलताना-ताना सगळं यथासांग. किराण्याचा गायक एकेका स्वरावर इतका वेळ घेतो की अंतऱ्याची घाईच नसते. आग्र्याकडे नोमतोम (अर्थ नसलेल्या अक्षरांतला आलाप) आणि बोलांची लयकारी. जयपूर-अत्रौलीत आकाराची, लयीला बिलगून जाणारी वळणदार तान. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, मिरजेला राहिलेले अब्दुल करीम खाँ, कोल्हापूरच्या दरबारातले अल्लादिया खाँ यांच्यामुळे हे फरक ऐकायला महाराष्ट्राला फार लांब जावं लागलं नाही. पण बंदिशीचं नोटेशन लिहिलंत की यातलं जवळजवळ काहीच कागदावर उरत नाही.

संगणक काय ऐकतो

जॉर्ज त्झानेटाकिस आणि पेरी कुक या दोघांनी २००२ साली एक निबंध छापला, तो या क्षेत्रात अजून उद्धृत होतो. त्यांनी पाश्चात्त्य संगीताचे दहा प्रकार घेतले: ब्लूज, क्लासिकल, कंट्री, डिस्को, हिपहॉप, जॅझ, मेटल, पॉप, रेगे, रॉक. प्रत्येकाचे ३० सेकंदांचे १०० तुकडे, एकूण १,०००. संगणकाने प्रत्येक तुकडा सेकंदाच्या काही शतांशांइतक्या बारीक कापांत तोडला आणि प्रत्येक कापात कुठल्या कंपनसंख्येला किती जोर आहे हे मोजलं. त्यावरून आवाजाचा पोत, ठेक्याची पुनरावृत्ती आणि स्वरांचं वाटप यांचे आकडे काढले. मग ज्यांचा प्रकार आधीच ठाऊक आहे अशा तुकड्यांच्या आकड्यांवरून नव्या तुकड्याचा प्रकार ठरवला. निकाल: ६१ टक्के बरोबर. डोळे मिटून अंदाज केला तर १० टक्के लागले असते, त्यामुळे ही कामगिरी वाईट नव्हती.

माणसांवरचा एक प्रयोग याच्या शेजारी ठेवण्यासारखा आहे. अमेरिकेत डेव्हिड पेरॉट आणि रॉबर्ट गेर्डिंगेन यांनी विद्यार्थ्यांना गाण्यांचे तीन सेकंदांचे तुकडे ऐकवले. प्रकार सुमारे ७० टक्के वेळा बरोबर आला. तुकडा पाव सेकंदाचा केला तरी अंदाजपंचेपेक्षा पुष्कळ चांगली उत्तरं आली. पाव सेकंदात चाल कसली येणार? एखादा स्वर, फार तर दीड. म्हणजे प्रकार ओळखताना ते चाल ऐकतच नव्हते. गिटारचा खरखरीतपणा, ड्रमचा आवाज, गळ्याची ठेवण, एवढ्यावर निकाल. आपणही ढोलकीची पहिली थाप पडताच लावणी म्हणतो. स्वर नंतर येतात.

संगणकाच्या ६१ टक्क्यांवर पुढे बऱ्याच जणांनी चढाओढ केली आणि आकडे खूप वर गेले. मग बॉब स्टर्म या संशोधकाने तो हजार तुकड्यांचा संच बारकाईने तपासला. काही तुकडे दोनदा होते, एकाच कलाकाराचे अनेक होते, काहींची लेबलं चक्क चुकलेली. त्याहून वाईट म्हणजे माणसाला जाणवणारही नाही इतका ध्वनीचा पोत हलकासा बदलला की यंत्राचं उत्तर पार बदलायचं. स्टर्मने अशा यंत्रांना ‘घोडा’ म्हटलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत हान्स नावाचा एक घोडा खूर आपटून बेरजा-वजाबाक्यांची उत्तरं द्यायचा. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्टने दाखवून दिलं की त्याला गणित येत नव्हतं, तो विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा, मानेचा ताण वाचत होता. उत्तर बरोबर, पण भलत्याच खुणेवरून. ‘हे भक्तिगीत आहे’ असं सांगणारं यंत्र चालीऐवजी टाळांचा आवाज ओळखत असेल तर तोही हान्सच.

रागांचं काम वेगळं, कारण तिथे वाद्यांवरून काही सांगता येत नाही. तंबोरा, तबला, पेटी सगळीकडे सारखेच. म्हणून इथे यंत्राला खरोखर चालीत शिरावं लागतं. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात झाव्हिएर सेरा यांच्या ‘कॉम्पम्युझिक’ प्रकल्पात हे काम झालं; आयआयटी मुंबईच्या प्रीती राव आणि त्यांचे विद्यार्थी त्यात सहभागी होते.

पहिली पायरी षड्ज शोधण्याची. आपल्याकडे सा ठरलेला नाही. कुणाचा काळी एक, कुणाचा पांढरी पाच. यंत्र तो मुख्यतः तंबोऱ्यावरून काढतं. मग गायकाच्या आवाजाची रेषा वेगळी काढायची: कुठल्या क्षणी तो कुठल्या उंचीवर आहे. त्यानंतर सगळ्यात सरळ उपाय म्हणजे प्रत्येक स्वरावर एकूण किती वेळ गेला याचा तक्ता. भूपात गंधारावर उंच शिखर, देशकारात धैवतावर. छान सुटतं.

पण सोय म्हणून हा तक्ता करताना मंद्र, मध्य, तार अशी तिन्ही सप्तकं एकावर एक घडी घातली जातात. खालचा नी आणि वरचा नी एकाच रकान्यात. आणि पूरिया-सोहनी? ज्या एका गोष्टीवरून आपण त्यांना चटकन ओळखतो, ती नेमकी याच घडीत पुसली जाते. उरतं ते फक्त वजन.

यावर सेरा यांच्या गटाने काढलेला उपाय मला आवडतो. नुसता ‘आत्ता कुठे आहे’ असं न मोजता ‘आत्ता कुठे आहे आणि क्षणभराने कुठे असेल’ ही जोडी मोजायची. आडव्या बाजूला आत्ताचा स्वर, उभ्या बाजूला पुढचा, आणि प्रत्येक चौकटीत अशी जोडी किती वेळा आली ती संख्या. गाणारा स्वरावर स्थिर राहिला की तिरप्या रेषेवर ठिपके दाटतात. मींड घेतली (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत गेला), वळण घेतलं की रेषेपासून दूर. पूर्ण गायन संपेपर्यंत कागदावर त्या रागाचं एक चित्र उमटतं. यात स्वराचं वजन आलं आणि वाटही आली. या पद्धतीने हिंदुस्थानी संगीताच्या ३० रागांतल्या ३०० ध्वनिमुद्रणांवर ९८ टक्के उत्तरं बरोबर आली. कर्नाटक संगीताच्या ४० रागांतल्या ४८० ध्वनिमुद्रणांवर ८७ टक्के.

९८ ऐकून हरखून जाण्याआधी एक बघावं. ती ध्वनिमुद्रणं अख्ख्या गायनाची होती, पुष्कळशी वीस मिनिटांहून मोठी. यंत्र सगळं ऐकून मग बोलतं. रियाजी कान पहिल्या आवर्तनात, कधी कधी औचारातच (सुरुवातीच्या छोट्या आलापात), बोलून मोकळा होतो; चुकला तर दुसऱ्या आवर्तनात गुपचूप दुरुस्त करतो.

नाव नसलेल्या चाली

लोकगीतांना राग नसतो आणि पुष्कळदा प्रकाराचं पक्कं नावही नसतं. हजारो चाली गोळा झाल्या की त्या वर्गवार लावायच्या कशा? हंगेरीत बेला बार्टोक आणि झोल्तान कोदाय यांना हा प्रश्न पडला तेव्हा त्यांनी फिनलंडच्या इल्मारी क्रोन यांची युक्ती आपलीशी केली: प्रत्येक ओळ कुठल्या स्वरावर संपते ते आधी पाहायचं. बार्टोकने पुढे जुनी शैली आणि नवी शैली असे गट पाडले. जुन्या चाली पाच स्वरी आणि वरून खाली उतरणाऱ्या. नव्या चालींत पहिली ओळ शेवटी परत येते. नाव, प्रसंग, शब्द सगळं बाजूला ठेवून केवळ चालीच्या घडणीवर केलेलं असं वर्गीकरण विरळा.

डेनिस पार्सन्सने १९७५ मध्ये तर स्वरही सोडून दिले. पुढचा स्वर वर गेला, खाली गेला की तोच राहिला, एवढंच टिपायचं. भूपाचं ‘ग रे सा ध सा रे ग’ म्हणजे खाली, खाली, खाली, वर, वर, वर. गंमत म्हणजे एवढ्यावर हजारो पाश्चात्त्य सुरावटी शोधता येतात, गुणगुणणारा बेसूर असला तरी. चाल ओळखायला हे उत्तम. प्रकार किंवा शैली सांगायला मात्र जवळजवळ निरुपयोगी.

महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या मिळवल्या. त्यांनी वर्गवारी केली ती मुख्यतः आशयावर: सीतेचा वनवास, आई-लेक, भाऊ, पंढरी, बाबासाहेब. चाल हा कप्पा मागे राहिला, आणि मला ते पटतं. त्या बायकांनी ओव्या आठवल्या त्याच मुळी विषयाच्या ओघात. एका भावाच्या ओवीतून दुसरी भावाची ओवी निघते.

स्वतःच्या मोबाइलमधली किंवा मंडळाच्या जुन्या कॅसेटींवरची गाणी वर्गवार लावायला बसलात तर या सगळ्याचा व्यवहारी उपयोग आहे. एका गाण्याला एकच फोल्डर देण्याचा हट्ट सोडा. तक्ता करा आणि रकाने वेगळे ठेवा: राग, ताल, छंद, गायकी, प्रसंग, आशय, मूळ चाल कुठली. एखाद्या नाट्यपदासमोर राग खमाज, छंदाचा रकाना कोरा, गायकी ठुमरी अंगाची, मूळ चाल पूरबकडची असं लिहिता येतं. पोवाड्यापुढे रागाचा रकाना बिनधास्त रिकामा सोडा. मिश्र पिलू ऐकू आला तर ‘मिश्र’ हा शब्द खोडू नका, शोधताना तोच कामाला येतो. आणि गाणाऱ्याचं नाव, साल, ठिकाण आधी भरा. राग कुणीही पुढे ऐकून सांगेल, ते कुठे आणि कधी गायलं हे कॅसेटवरची शाई उडाली की सांगायला कुणी नसतं.